उष्णता-संस्करणाने पोलादाचे चुंबकत्व कसे बदलते?

नंदुरबार जिल्ह्यातील शहादा-तळोदा भागात केळी, पपई आणि उसाच्या अनेक शेतांना विजेच्या पंपांनी पाणी दिले जाते. पंपांना योग्य दाबाची वीज देणारे रोहित्र गावात ‘डीपी’ म्हणून ओळखले जाते. त्याचा गाभा सुमारे ३ टक्के सिलिकॉन असलेल्या मिश्रपोलादाच्या पातळ पट्ट्यांचा असतो. हे पोलाद किती चांगले काम करेल, हे घटकांइतकेच त्याला दिलेल्या उष्णतेवरही ठरते.

आत काय घडते?

पोलादात डोमेन नावाचे सूक्ष्म चुंबकी भाग असतात. बाहेरून चुंबकी क्षेत्र लावले की त्यांच्या सीमा सरकतात. पोलाद लाल तापवून पाण्यात किंवा तेलात एकदम थंड केले, म्हणजे लोहाराच्या भाषेत ‘पाणी दिले’, की आतली अणुरचना ताणली जाते आणि सीमा अडकतात. असे पोलाद चुंबकित व्हायला जड, पण एकदा झाले की चुंबकत्व टिकवून धरते. जपानचे कोतारो होंडा यांनी १९१७ मध्ये कोबाल्ट, टंगस्टन व क्रोमियम मिसळलेल्या पोलादापासून याच मार्गाने शक्तिशाली कायमचुंबक बनवले.

याउलट पोलाद तापवून सावकाश थंड केले, म्हणजे अनीलन केले, की ताण निघून जातात आणि सीमा सहज सरकतात.

रोहित्राला कोणते पोलाद हवे?

५० हर्ट्झच्या विजेत गाभ्याच्या चुंबकत्वाची दिशा सेकंदाला १०० वेळा उलटते. सीमा अडकल्या तर दर उलटीला ऊर्जा उष्णतेच्या रूपात वाया जाते. म्हणून गाभ्याला अनीलन केलेले पोलाद लागते. अमेरिकेच्या नॉर्मन गॉस यांनी १९३४ मध्ये थंड लाटन आणि अनीलन यांच्या आलटून-पालटून वापरातून पोलादाचे कण एका दिशेत आणण्याची पद्धत मांडली. आजच्या सीआरजीओ पट्ट्यांचा पाया तोच आहे.

दुरुस्तीत काय जपावे?

जळालेल्या रोहित्राची वेटोळी बदलताना पट्ट्या ठोकल्या किंवा वाकवल्या, तर अनीलनाने गेलेले ताण परत येतात. पट्ट्यांवरचा विद्युतरोधक लेप खराब झाला, तर भोवरी प्रवाहही वाढतात. नुसते डोळ्यांनी पाहून हे कळेलच असे नाही. गाभा मात्र अधिक तापतो. हा तोटा पंप बंद असतानाही, रोहित्रात वीज असेपर्यंत, चालूच राहतो. म्हणून दुरुस्तीनंतर भार न जोडता होणारा वीजतोटा मोजणे महत्त्वाचे असते.