उपाख्यान

एखाद्या विज्ञानमालिकेतून चित्रपट निघाला की चाहत्यांत वाद ठरलेलाच: हा मूळ कथेचा भाग धरायचा, की मागाहून घुसडलेला? या वादाला लागणारे शब्द आपल्याकडे तयार आहेत. ‘ख्या’ म्हणजे सांगणे, त्यावरून आख्यान. आणि ‘उप’ म्हणजे जवळ, म्हणून मुख्य कथेला लागून सांगितलेले ते उपाख्यान. ‘क्षिप्’ म्हणजे फेकणे. बाहेरून आत टाकलेले ते प्रक्षिप्त. महाभारतात ही निवड करण्याचे काम भांडारकर संस्थेच्या चिकित्सक आवृत्तीने केले. त्या आवृत्तीत व्यासांचा लेखनिक गणपती परिशिष्टात गेला, नळोपाख्यान मात्र वनपर्वात राहिले. निकष आवडीनिवडीचा नव्हता, हस्तलिखितांच्या साक्षीचा होता.

द्यूतात हरलेल्या युधिष्ठिराला बृहदश्व ऋषी द्यूतातच राज्य घालवलेल्या नळाची गोष्ट सांगतात. ती एकटी वाचली तरी पुरी, युधिष्ठिराच्या दुःखाशेजारी वाचली तर अधिक खोल. १९८२चा ‘द रॅथ ऑफ खान’ मला याच जातीचा वाटतो. १९६७मध्ये ‘स्टार ट्रेक’च्या एका भागात कप्तान कर्कने खलनायक खानला परग्रहावर सोडले, त्याचे पुढे काय झाले ते चित्रपट सांगतो, आणि मालिका न पाहिलेल्यालाही ते उमगते. कोणी म्हणेल, असले चित्रपट गल्ल्यासाठीच निघतात. पण गल्ल्यावरून निर्मात्याचा हेतू कळेल. धागा जुळतो की नाही, हे कथेतच तपासावे लागते. दुसरा आक्षेप वजनदार आहे: उपाख्यान ग्रंथाच्या आत असते, चित्रपट मालिकेबाहेर. मात्र ही मालिका १९६९मध्येच थांबली होती, आत जागाच उरली नव्हती. आणि ‘उप’ला जवळीक पुरते.