हागार : दासीच्या बाजूने वाचलेली बायबलकथा

हागार : बायबलच्या जुन्या करारातील ‘उत्पत्ती’ या पुस्तकात (अध्याय 16 व 21) येणारी मिसरी स्त्री, अब्राहामाची पत्नी सारा हिची दासी आणि इश्माएलची आई. सारेला मूल होईना म्हणून तिने दासी नवऱ्याला दिली. दासीला दिवस गेले, तेव्हा मालकिणीने तिचा छळ मांडला आणि ती रानात पळाली. पुढे ती परतली, आणि सारेला इसहाक झाल्यावर भाकर आणि पाण्याची एक मसक देऊन मायलेकरांना घराबाहेर काढण्यात आले. परंपरेने ही अब्राहामाच्या वंशाची कथा मानली. पौलाने तर गलतीकरांस लिहिलेल्या पत्रात हागारला दास्याच्या कराराचे रूपक केले. तिच्या बाजूने कथा पाहण्याला अलीकडच्या काळाचा हट्ट म्हटले जाते. हा आक्षेप टिकत नाही, कारण त्या वाचनाची वाट मूळ संहितेनेच मोकळी ठेवली आहे.

संहितेत कोण कोणाला कसे हाक मारतो, एवढे पाहिले तरी हे ध्यानात येते. अब्राहाम आणि सारा एकदाही हागारचे नाव घेत नाहीत. त्यांच्या बोलण्यात ती फक्त ‘दासी’ असते. तिला प्रथम नावाने हाक मारतो तो रानातल्या झऱ्यापाशी भेटलेला परमेश्वराचा दूत. तू कोठून आलीस आणि कोठे जातेस, असे दोन प्रश्न तो विचारतो. हागार पहिल्याचेच उत्तर देते : मालकिणीपासून पळून चालले आहे. दुसऱ्या प्रश्नाला तिच्यापाशी उत्तर नाही, आणि निवेदकही ते भरून काढत नाही. याच प्रसंगी ती देवाला ‘मला पाहणारा’ या अर्थाचे नाव देते; हिब्रू बायबलमध्ये देवाला असे नाव देणारी दुसरी व्यक्ती नाही. सारेच्या छळासाठी योजलेले हिब्रू क्रियापद तर विशेष बोलके आहे. मिसरी लोकांनी इस्राएलांना गांजले हे सांगताना ‘निर्गम’ या पुस्तकात तेच येते. इस्राएलांनी मिसरात जे सोसले, ते त्यांच्या मूळमातेच्या घरात एका मिसरी दासीने आधीच सोसले होते, हा अर्थ वाचकाने बाहेरून आणलेला नाही.

आजची न्यायबुद्धी प्राचीन काळावर लादली जाते, अशी तक्रार असते. हम्मुराबीच्या कायद्यात, पत्नीने दिलेली दासी मूल झाल्यावर मालकिणीशी बरोबरी करू लागली तर तिला पुन्हा दासींत ढकलण्याची मुभा होती; तेव्हा सारेचे वागणे त्या काळाच्या रीतीला धरून होते, हे मान्य करावे लागते. पण रीत होती म्हणून वेदना दिसत नव्हती असे नाही. तेराव्या शतकातील ज्यू भाष्यकार नाहमानिदेस याने या छळात सारेने पाप केले आणि तो होऊ दिल्याने अब्राहामानेही केले, असे लिहिले आहे. इस्लामी परंपरेत तर हाजरची, म्हणजे हागारची, पाण्यासाठीची धावपळ श्रद्धेच्या केंद्रस्थानी आहे. सफा आणि मरवा या टेकड्यांमध्ये यात्रेकरू आजही सात फेऱ्या करतात. बायबलच्या अभ्यासक फिलिस ट्रिबल यांचे 1984 चे विवेचन आणि आफ्रिकी-अमेरिकी स्त्रियांच्या अनुभवातून डेलोरेस विल्यम्स यांनी 1993 मध्ये केलेली मांडणी त्यानंतरची आहे. शिल्पकार एडमोनिया लुईस यांनी हागार संगमरवरात घडवली तीही 1875 मध्ये.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे : अशा कथनात सारा खलनायिका होते. तसे झाले तर ते वाचन उणेच म्हणावे लागेल, कारण बाराव्या अध्यायात मिसर देशात अब्राहामाने सारेला बहीण म्हणवून फारोच्या घरी जाऊ दिले होते. जिला कोणी विचारले नाही तिनेच पुढे दुसरीला न विचारता दिले, ही साखळी दाखवणारे कथनच संहितेला न्याय देते. पवित्र ग्रंथात फेरफार नको, हे म्हणणेही तपासून घ्यावे. एकविसाव्या अध्यायात हिब्रू पाठानुसार रानात हंबरडा फोडते ती हागार, पण देव ऐकतो तो मुलाचा आवाज. ही विसंगती ग्रीक अनुवादकांना खटकली असावी. सेप्टुअजिंट या त्यांच्या अनुवादात रडणारे मूलच आहे. म्हणजे तिचे रडणे अनुवादातच हरवले, आणि तिच्या बाजूने वाचणारा ते फक्त मूळ जागी परत ठेवतो. पुढे तिला विहीर दिसते, मूल जगते, पारान रानात वाढून तिरंदाज होते. त्याच्यासाठी बायको हागारच आणते, मिसर देशातून. त्या निर्णयात अब्राहामाचा कोठेही उल्लेख नाही.