स्मारक नाणी जमवावीत का?

गोव्यातल्या जुन्या घरांत एखादा पत्र्याचा डबा उघडला की १९५९ चे सहा एस्कुदोंचे नाणे अजून हाती लागते. सहा एस्कुदो म्हणजे एक रुपया, असा तेव्हाचा हिशेब. १९ डिसेंबर १९६१ ला गोवा मुक्त झाला आणि तो हिशेब मागे पडला. त्याच डब्यात पुढे नेहरूंच्या मुखवट्याचा रुपया येऊन पडला. २७ मे १९६४ ला नेहरू गेले, आणि त्याच वर्षी निघालेले हे स्वतंत्र भारताचे पहिले स्मारक नाणे. गोव्यात सैन्य पाठवणाऱ्या पंतप्रधानाचेच!

बाजारात याचे काय येईल? फारसे नाही. धातू निकेल, आणि नाणी मुबलक पाडलेली. १९६९ चे गांधीजींचे दहा रुपयांचे नाणे वेगळे. वजन १५ ग्रॅम, त्यात ८० टक्के चांदी, म्हणजे चांगली १२ ग्रॅम. चांदीच दर्शनी किमतीच्या कितीतरी पट. उलट १९९९ चे शिवछत्रपतींचे दोन रुपयांचे नाणे हजारो हातांतून फिरून झिजलेले असेल तर ते दोनच रुपयांचे. जुन्या नाण्याला लाखो देण्याच्या जाहिरातींना भुलू नका; रिझर्व्ह बँकेने २०२१ मध्ये तसा इशाराच दिला होता.

पैशांसाठी जमवणार असाल तर सरळ चांदी घ्या. मी मात्र तो एस्कुदो आणि नेहरूंचा रुपया एकाच पाकिटात ठेवीन. आणि हो, चिंचेने किंवा आमसुलाने घासून नाणे चकचकीत करू नका. संग्राहक ते लगेच ओळखतो आणि बाजूला ठेवतो.