पीकपाहणीपासून अन्नपाहणीपर्यंत: डॉ. पांडुरंग वासुदेव सुखात्मे

पेशवेकालीन पाहणीखरडे ज्यांनीं चाळले आहेत त्यांस निराळें सांगावयास नको कीं, खरड्यांत आंकडा असला तरी तो कोणीं, कोठें उभें राहून व कोणत्या हेतूनें काढला हें कळल्याखेरीज त्याचा अर्थ लागत नाहीं. शेत एकच, पण पाटलास पीक थोडें दिसावें व कमाविसदारास पुष्कळ दिसावें, हें स्वाभाविकच होतें. इंग्रजी अमदानींत ह्या नजरपाहणीस आणेवारीचें रूप आलें. पेरलेलें क्षेत्र, दर एकरीं साधारण उत्पन्न आणि चालू सालचे आणे ह्या तिहींचा गुणाकार केला म्हणजे प्रांताचें एकूण पीक निघे. परंतु साधारण पीक म्हणजे किती आणे, ह्याविषयींच प्रांतोप्रांतीं एकवाक्यता नव्हती, आणि आणे ठरविणारा डोळा तर सरकारी नोकराचाच. बंगालमध्यें १९४३ सालीं दुष्काळ पडला तेव्हां असल्या आंकड्यांवर विसंबणें किती महाग पडतें तें सर्वांच्या प्रत्ययास आलें.

हें काम नजरेच्या हातून काढून मोजमापाच्या हातीं देणाऱ्यांत डॉ. पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांची गणना प्रथम करावी लागेल. त्यांचा जन्म २७ जुलै १९११ रोजीं सातारा जिल्ह्यांतील बुध ह्या गांवीं झाला. पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजांतून १९३२ सालीं गणित विषय घेऊन ते पदवीधर झाले व पुढील सालीं लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजांत दाखल झाले. तो काळ तेथें मोठ्या शास्त्रीय भाऊबंदकीचा होता. कार्ल पिअर्सन हे १९३३ सालीं निवृत्त होतांच त्यांच्या गादीची वांटणी झाली. एक वांटा रोनाल्ड फिशर यांस व दुसरा कार्ल पिअर्सन यांचे चिरंजीव ईगन पिअर्सन यांस मिळाला. दोन्ही घरांचें सूत जुळलें नाहीं. पिअर्सन यांच्या बाजूस येर्झी नेमन हे येऊन मिळाले. सुखात्मे यांनीं विद्या मात्र दोन्ही घरांची घेतली. नेमन यांच्या प्रातिनिधिक नमुन्याच्या उपपत्तीस जोडून त्यांनीं १९३५ सालीं निबंध लिहिला, आणि १९३८ सालीं फिशर व बेरेन्स यांच्या कसोटीवर ‘सांख्य’ ह्या त्रैमासिकांत दुसरा लिहिला. १९३६ सालीं त्यांस पीएच. डी. व १९३९ सालीं डी. एस्सी. ह्या पदव्या मिळाल्या.

स्वदेशीं परतल्यावर १९३९-४० सालीं ते कलकत्त्याच्या ‘ऑल इंडिया इन्स्टिट्यूट ऑफ हायजीन ॲण्ड पब्लिक हेल्थ’ ह्या संस्थेंत सांख्यिकीचे प्राध्यापक झाले. रॉकफेलर फाउंडेशनच्या साह्यानें १९३२ सालीं उघडलेली ही संस्था सार्वजनिक आरोग्याच्या शिक्षणाकरितां होती. सुखात्मे तेथें फार दिवस राहिले नाहींत. चरित्रकारास हें वर्ष एका वाक्यांत आटोपण्याचा मोह होतो. परंतु आमच्या मतें त्यांच्या उत्तरायुष्याचें बीज येथेंच शोधलें पाहिजे. कारण तीस वर्षांनंतर ते ज्या प्रश्नाकडे वळले तो कृषीचा नव्हता, आरोग्याचाच होता.

१९४० पासून १९५१ पर्यंत ते दिल्लीस कृषि-संशोधनाच्या मध्यवर्ती परिषदेंत होते. तेथें त्यांनीं पीककापणीचे प्रयोग सुरू केले. पद्धति अशी: गांवें चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणें निवडावयाचीं, गांवांतील शेतें तशींच निवडावयाचीं, आणि शेतांत ठरलेल्या मापाचा तुकडा आंखून तेवढेंच पीक कापून, मळून, वजन करावयाचें. हा तुकडा बहुधा ३३ फूट लांब व १६॥ फूट रुंद, म्हणजे एकराचा ऐंशीवा भाग, असे. काम करणारीं माणसें महसूल किंवा शेतकी खात्यांतलींच. उलटपक्षीं प्रशांतचंद्र महालनोबिस यांनीं बंगालमध्यें स्वतःचे शिकविलेले नोकर ठेवून कांहीं फूट त्रिज्येचीं लहान वर्तुळें कापण्याची रीति चालविली होती. लहान तुकड्यास खर्च थोडा, म्हणून त्याच खर्चांत तुकडे पुष्कळ घेतां येतात, हा त्यांचा पक्ष.

सुखात्मे यांनीं मुरादाबाद जिल्ह्यांत गव्हाच्या शेतांत निरनिराळ्या मापांचे तुकडे शेजारींशेजारीं कापवून पाहिले. तुकडा जसजसा लहान, तसतसें एकरीं उत्पन्न फुगून येऊं लागलें! कारण साधें आहे. दोरीच्या कडेवर उभें असलेलें रोप आंत धरावें कीं बाहेर, हा प्रश्न कापणाऱ्यापुढें क्षणोक्षणीं येतो, आणि त्याचा हात नकळत तें आंत ओढतो. तुकडा मोठा असला तर ही चूक पोटांत जिरते. लहान तुकड्यास क्षेत्राच्या मानानें कडच फार, म्हणून ती सर्व हिशेब बिघडविते. हा निष्कर्ष त्यांनीं १९४६ सालीं ‘नेचर’ ह्या इंग्रजी साप्ताहिकांत प्रसिद्ध केला. त्यावरून दोन्ही पक्षांत कडाक्याचा वाद झाला. महालनोबिस यांच्या बाजूनेंही बोलावयास जागा होतीच. शिकविलेला व स्वतंत्र नोकर तितका चुकत नाहीं हें त्यांचें म्हणणें टाकाऊ नव्हे. तथापि जो देश सर्व प्रांतांत दरसाल मोजणी करूं इच्छितो त्यास तलाठ्याच्या हातूनच काम घ्यावें लागणार, आणि तलाठ्याच्या हातीं द्यावयाचा तुकडा मोठाच पाहिजे, हें सुखात्मे यांनीं अचूक ओळखलें. विनायक गोविंद पानसे यांच्यासह लिहिलेला शेतकी संशोधकांकरितां सांख्यिकीचा ग्रंथ व स्वतःचा नमुना-पाहणीच्या उपपत्तीवरील ग्रंथ हे दोन्ही १९५४ सालीं बाहेर पडले, ते ह्याच कामाचें फळ होत.

तोंपर्यंत ते रोमला पोंचले होते. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषि संघटनेंत १९५१ सालीं त्यांनीं सांख्यिकीचा कारभार हातीं घेतला आणि सुमारें वीस वर्षें चालविला. संघटनेचे पहिले महासंचालक बॉइड ऑर यांनीं, जगांतील दोन-तृतीयांश माणसें जन्मभर उपाशीं किंवा अर्धपोटीं असतात, असें १९५० सालीं लिहिलें होतें. सुखात्मे यांनीं १९६१ सालीं लंडनच्या रॉयल स्टॅटिस्टिकल सोसायटीपुढें निबंध वाचला, त्यांत उपाशी आणि कुपोषित हे दोन वर्ग निराळे काढले. पोटास पुरेसें न मिळणारे शेंकडा १० ते १५. ते आणि निकृष्ट अन्नावर राहणारे मिळून फार तर निम्मे. त्याच सोसायटीनें १९६३ सालीं त्यांस गाय यांच्या नांवचें रौप्यपदक दिलें.

ह्यानंतरचा विषय प्रथिनांचा. जगावर प्रथिनांचा दुष्काळ येत आहे असा घोष १९६८ च्या सुमारास राष्ट्रसंघाच्या कागदपत्रांतून चालला होता, आणि मासळीचें पीठ, कृत्रिम खाद्यें इत्यादि उपाय सुचविले जात होते. आपल्या आहारांत धान्य व डाळ पोटभर असली तर प्रथिनें बहुधा पुरतात, आणि अन्नच अपुरें असलें तर शरीर प्रथिनेंही जाळून टाकतें, असें सुखात्मे यांनीं भारतीय आहाराच्या आंकड्यांवरून १९७० सालीं दाखविलें. थोडक्यांत, भाकरी पुरेशी द्या. आज हें मत बहुतेक सर्वमान्य आहे.

१९७१ सालीं त्यांस पद्मभूषण हा किताब मिळाला. निवृत्तीनंतर पुण्यास राहून त्यांनीं जो सिद्धान्त मांडला तो मात्र सर्वमान्य झाला नाहीं. वि. म. दांडेकर व नीलकंठ रथ यांनीं १९७१ सालीं दर माणशीं रोज २२५० उष्मांक ही रेषा धरून ग्रामीण भागांत शेंकडा ४० व शहरांत शेंकडा ५० माणसें तिच्याखालीं आहेत असें ठरविलें होतें. सुखात्मे यांचा आक्षेप असा कीं, सरासरी गरज ही रेषा होऊंच शकत नाहीं. ब्रिटिश सैन्यांतील नव्या शिपायांच्या आहाराच्या नोंदींवरून त्यांनीं व शेल्डन मार्गेन यांनीं असें प्रतिपादिलें कीं, एकाच निरोगी माणसाचें खाणें आठवड्या-आठवड्यास कमीजास्त होतें आणि शरीर आपलें समतोल आपण राखतें. तेव्हां सरासरींतून दुप्पट प्रमाण-विचलन वजा जातां जी खालची मर्यादा उरते तिच्याखालचाच मनुष्य उपाशी म्हणावा. चरकसंहितेच्या मात्राशितीय अध्यायांत आहाराची मात्रा अग्निबलावर अवलंबून ठेविली आहे, सर्वांस एक वजन सांगितलेलें नाहीं, ह्याची येथें आठवण होते. सुखात्मे यांनीं तें वचन प्रमाण धरलें असें आमचें म्हणणें नव्हे. दोहोंचा रोंख मात्र एक आहे.

दांडेकर यांनीं १९८२ सालीं उत्तर दिलें. दोघेही सातारा जिल्ह्यांतले, दोघेही पुण्यास राहणारे. पण वाद कागदावर यथासांग झाला. प्रतिपक्षाचा मुद्दा असा: या आठवड्यांत कमी व पुढील आठवड्यांत अधिक खाणारा शिपाई निराळा, आणि वर्षानुवर्षें कमीच खाणारा मजूर निराळा. मजुराचें शरीर समतोल राखीत असेल, पण काम टाकून, आणि त्याच्या मुलांचें, वाढ टाकून. सी. गोपालन यांनींही ह्याच अंगानें लहान पण निरोगी शरीर ह्या कल्पनेवर कठोर टीका केली.

ह्या वादांत आमचा कल प्रतिपक्षाकडे आहे. मुरादाबादेच्या शेतांत कडेवरचें रोप आंत ओढणारा हात सुखात्मे यांनींच पकडला होता. भुकेच्या मोजणींत कडेवरचा मनुष्य बाहेर लोटला जात आहे हें मात्र त्यांच्या शिस्तीच्या दृष्टीस पडलें नाहीं. परंतु एवढ्यावरून त्यांस गरिबांचा वैरी ठरविणें अन्यायाचें होय. नुसतें अन्न वांटून काम भागत नाहीं, स्वच्छ पाणी व मलमूत्राची व्यवस्था नसेल तर मूल खाल्लेलें अन्न रोगांत गमावतें, असें ते ह्याच वर्षांत आग्रहानें सांगत होते. कलकत्त्याच्या आरोग्यसंस्थेंतील प्राध्यापक येथें पुनः बोलूं लागतो.

आमच्या संग्राहक मित्रांस एक विनंति. शिवकालीन फर्दीस जितक्या मायेनें आपण जपतो, तितक्या मायेनें १९४०-५० च्या पीककापणीचे छापील तक्ते, तलाठ्यांच्या हस्ताक्षरांतील वजनांच्या नोंदी व आहारपाहणीचीं पत्रकें कोणी जपत असल्याचें आमच्या पाहण्यांत नाहीं. रद्दींत जाण्यापूर्वीं तीं हातीं आलीं तर ठेवून घ्यावींत.

डॉ. सुखात्मे २८ जानेवारी १९९७ रोजीं पुण्यास निवर्तले. त्यांच्या सिद्धान्ताची खूण अन्न व कृषि संघटनेच्या पांचव्या जागतिक अन्नपाहणींत उमटली आहे. तींत भुकेची रेषा एक न धरितां दोन धरिल्या: स्वस्थ पडून राहिलेल्या शरीरास जेवढी शक्ति लागते तिच्या १.२ पट आणि १.४ पट. पहिल्या रेषेप्रमाणें १९७९-८१ ह्या काळांत विकसनशील बाजारी अर्थव्यवस्थांच्या देशांत ३३ कोटी ५० लाख माणसें उपाशी निघालीं, दुसरीप्रमाणें ४९ कोटी ४० लाख. मधलीं १५ कोटी ९० लाख माणसें दोन रेषांच्या दरम्यान उभीं होतीं.