खिशातल्या किल्लीची कुळकथा

नोव्हेंबर २०१७ मध्ये इंग्लंडमधल्या वेस्ट मिडलंड्स पोलिसांनी एक सीसीटीव्ही चित्रफीत जाहीर केली. सॉलिहलमधल्या एका घरासमोर मर्सिडीज उभी आहे. दोन माणसं येतात. एकाच्या हातात खोक्यासारखं यंत्र आहे. ते तो घराच्या दाराशी आणि भिंतीशी फिरवत राहतो. दुसरा तसंच यंत्र घेऊन गाडीजवळ थांबतो. मिनिटभरात गाडीचं दार उघडतं, इंजिन सुरू होतं आणि गाडी निघून जाते. काच फुटत नाही, भोंगा वाजत नाही. किल्ली सारा वेळ घरातच असते.

या प्रकाराला ‘रिले’ चोरी म्हणतात. तिचं मूळ शोधायला गेलं तर दोन घराणी सापडतात. एक मोटारीच्या किल्लीचं, दुसरं बुद्धिबळातल्या एका लबाडीचं. आणि किल्लीच्या घराण्यात जवळजवळ प्रत्येक बदलाच्या वेळी बैठकीला हजर असलेली तिसरी असामी म्हणजे विमा कंपनी.

किल्लीचं घराणं तसं अलीकडचं. सुरुवातीच्या मोटारी पुढून हँडल मारून सुरू कराव्या लागत. १९१२ मध्ये कॅडिलॅकने चार्ल्स केटरिंग यांचा विजेचा स्टार्टर बसवला. पण तोही वेगळं बटण किंवा पेडल दाबून चालायचा. किल्ली फिरवली की इंजिन सुरू, ही सवय क्रायस्लरने १९४९ मध्ये लावली. चोर वायरी उघड्या करून एकमेकींना जोडत, त्यावरचं उत्तर म्हणजे स्टिअरिंगचं कुलूप. त्याचे जनक एब्राम नैमान. फ्रान्समध्ये त्या कुलपाला आजही त्यांच्याच आडनावाने ओळखतात. जनरल मोटर्सने १९६९ च्या गाड्यांपासून किल्लीची जागा डॅशबोर्डवरून स्टिअरिंगच्या दांड्यावर नेली, ती याच कारणाने.

नैमान यांच्याच कंपनीतले पॉल लिपशुट्झ यांनी दुरून दार उघडणारा रिमोट तयार केला आणि १९८२ मध्ये तो रेनो फुएगो या गाडीबरोबर बाजारात आला. दार उघडायला किल्ली लावायची गरज संपली. इंजिनासाठी मात्र ती फिरवावीच लागे. हा फरक महत्त्वाचा आहे. किल्ली कुलपात घालून फिरवण्यात दोन गोष्टी एकदम सिद्ध होत: किल्ली माझ्याकडे आहे, आणि मला आत्ता गाडी चालवायची आहे. ताबा आणि मर्जी एकाच हालचालीत बांधलेली होती.

विजेची ओळखपरेड आली तरी ही गाठ सुटली नाही. १९८६ च्या शेव्हरोले कॉर्व्हेटच्या किल्लीत एक छोटा रेझिस्टर बसवलेला होता. ठरलेल्या १५ मूल्यांपैकी योग्य मूल्य जुळलं तरच गाडी सुरू होई. पुढे त्याची जागा चिपने घेतली. या चिपला स्वतःची बॅटरी लागत नाही. कुलपाभोवतीच्या तारेच्या वेटोळ्यातून तिला शक्ती मिळते, ती गाडीने विचारलेल्या कोड्याचं उत्तर देते, आणि उत्तर बरोबर असेल तरच इंजिनाला इंधन व ठिणगी मिळते. हाच इमोबिलायझर. वेटोळ्याचा पल्ला काही सेंटिमीटरचा, त्यामुळे किल्ली कुलपातच असावी लागे.

इमोबिलायझरचा प्रसार केला तो विमा कंपन्यांनी. बर्लिनची भिंत पडल्यावर पूर्व युरोपचे रस्ते खुले झाले आणि जर्मनीतल्या महागड्या गाड्या रातोरात सीमेपार जाऊ लागल्या. भरपाई देऊन थकलेल्या जर्मन विमा कंपन्यांनी इलेक्ट्रॉनिक इमोबिलायझरचा आग्रह धरला. १९९५ मध्ये युरोपीय संघाचा आदेश निघाला आणि ऑक्टोबर १९९८ पासून नव्या मोटारींना तो सक्तीचा झाला. ब्रिटनमध्ये तर विमा कंपन्यांनी १९६९ मध्येच थॅचम इथे स्वतःचं संशोधन केंद्र काढलं होतं. पुढे गाडी किती सहज चोरता येते हेही तिथे तपासू लागले आणि ते धरून तिला एका विमागटात बसवू लागले. गट वरचा म्हणजे हप्ता जड. याचा परिणाम मोजलाही गेला आहे. नेदरलँड्समधल्या दोन अर्थशास्त्रज्ञांच्या हिशेबानुसार इमोबिलायझरमुळे तिथली वाहनचोरी सरासरी सुमारे ४० टक्क्यांनी घटली. उलट अमेरिकेने सक्ती केलीच नाही. तिथे ह्युंदाई आणि किया यांच्या बिनइमोबिलायझरच्या स्वस्त गाड्या २०२१-२२ मध्ये यूएसबी वायरच्या टोकाने सुरू करून पळवल्या गेल्या. २०२३ च्या सुरुवातीला काही शहरांत दोन मोठ्या विमा कंपन्यांनी त्यांचा नवा विमा उतरवायलाच नकार दिला.

युरोपात इमोबिलायझर सक्तीचा होत होता, त्याच सुमारास श्रीमंतांच्या गाड्यांतून किल्ली फिरवणंच हद्दपार होऊ लागलं. १९९९ मध्ये मर्सिडीजच्या एस-क्लासमध्ये ‘कीलेस-गो’ आलं. किल्लीच्या जागी खिशात ठेवायचं कार्ड. हँडलला हात लागला की गाडी कमी वारंवारतेची, जेमतेम मीटर-दोन मीटर पोचणारी हाक देते. खिशातलं कार्ड ती ऐकून वरच्या वारंवारतेवर सांकेतिक उत्तर देतं. दार उघडतं, बटण दाबलं की इंजिन सुरू. एकदा सुरू झालेलं इंजिन किल्ली दूर गेली तरी बंद पडत नाही, कारण धावत्या गाडीचं इंजिन अचानक बंद पडणं जिवावर बेतू शकतं. चोराला ही सुरक्षाही सोयीची पडते. गाडी फक्त एकदा सुरू करता आली की पुरे.

इथे जुनी गाठ सुटली. हाक ऐकू आली म्हणजे किल्ली जवळ, किल्ली जवळ म्हणजे मालक जवळ, मालक जवळ म्हणजे त्याची संमती, असं गाडीने गृहीत धरलं.

दुसरं घराणं इथेच येऊन मिळतं. गणितज्ञ जॉन कॉनवे यांनी १९७६ च्या आपल्या पुस्तकात एक युक्ती सांगितली आहे. बुद्धिबळ न येणारी मुलगी दोन ग्रँडमास्टरांशी एकाच वेळी खेळते, एकाशी पांढऱ्यांनी, दुसऱ्याशी काळ्यांनी. एकाची चाल ती जशीच्या तशी दुसऱ्याला खेळून दाखवते. प्रत्यक्षात दोघे दिग्गज एकमेकांशीच खेळत असतात आणि ती दोन्ही डाव हरणं शक्य नसतं. १९८७ मध्ये सांकेतिक लेखनाचे अभ्यासक इव्हो डेस्मेट यांनी दाखवलं की कोडं विचारून ओळख पटवण्याच्या पद्धतीलाही असंच फसवता येतं, मग कोडं कितीही अवघड असो. त्यांनी त्याला ‘माफिया फसवणूक’ असं नाव दिलं. उपायही लवकर सुचला. १९९३ मध्ये ब्रँड्स आणि चाउम या अभ्यासकांनी उत्तर यायला किती वेळ लागला ते मोजा, असं सांगितलं. रेडिओलहर एका नॅनोसेकंदात ३० सेंटिमीटरच जाते. मधे निरोप्या असेल तर उशिरावरून तो पकडला जातो.

गाड्यांनी मात्र वेळ मोजला नाही. २०११ मध्ये झुरिचच्या ईटीएच विद्यापीठातले फ्रान्सियों, दानेव्ह आणि चापकुन यांनी आठ कंपन्यांची दहा मॉडेलं तपासली. गाडीची हाक एका अँटेनाने उचलायची, दुसऱ्या अँटेनाने किल्लीजवळ ऐकवायची. दहाच्या दहा उघडल्या आणि सुरूही झाल्या. संकेत फोडण्याची गरजच पडली नाही. सॉलिहलचे चोर सहा वर्षांनी हीच चाल खेळले.

मग विमा कंपन्या पुन्हा जाग्या झाल्या. थॅचमने २०१९ पासून कीलेस सुरक्षेची जाहीर प्रतवारी सुरू केली. काही मोटार कंपन्यांनी किल्लीत हालचाल ओळखणारा सेन्सर बसवला. टेबलावर पडलेली किल्ली थोड्या वेळाने झोपी जाते आणि हाकेला ओ देत नाही. वेळ मोजणारं अल्ट्रा-वाइडबँड तंत्र जॅग्वार लँड रोव्हरसारख्यांनी आणलं. तरी याच कंपनीच्या जुन्या रेंज रोव्हरवरचा विमा कंपन्यांचा राग कमी झाला नाही. लंडनमधल्या मालकांना विमा मिळेना, मिळाला तर परवडेना. २००८ पासून टाटा मोटर्सच्या मालकीच्या या कंपनीला २०२३ मध्ये ब्रिटनमध्ये स्वतःचा विमा सुरू करावा लागला. आधीच विकलेल्या गाड्यांची सुरक्षा सुधारायला एक कोटी पौंडांहून जास्त रक्कमही बाजूला काढावी लागली.

चोरही थांबले नाहीत. २०२२ च्या सुमारास दिव्यांमागच्या वायरीतून गाडीच्या अंतर्गत जाळ्यात शिरून ‘किल्ली बरोबर आहे’ असा खोटा निरोप घुसवण्याची पद्धत लंडनमध्ये उघडकीस आली. यात किल्लीला विचारलंच जात नाही.

रेंज रोव्हर या मुख्य मॉडेलची जुळणी २०२४ मध्ये पुण्यात सुरू झाली, त्यामुळे ही कथा आता आपल्याही दारात आली आहे. आपल्याकडच्या मोटार टॅरिफमध्ये पुण्याच्याच एआरएआय या वाहन संशोधन संस्थेने मान्य केलेलं चोरीविरोधी साधन बसवल्यास स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या हप्त्यात अडीच टक्के सूट होती, पण कमाल ५०० रुपये. कोटीच्या गाडीला ही रक्कम नाममात्रच. खरं नुकसान आयडीव्हीत, म्हणजे विम्यात धरलेल्या गाडीच्या किमतीत होतं. दुसऱ्या वर्षात गाडी चोरीला गेली तर टॅरिफच्या तक्त्यानुसार २० टक्के घसारा वजा. पूर्ण बिलाची रक्कम हवी असेल तर ‘रिटर्न टू इन्व्हॉइस’ हे जोडकलम आधीच घेतलेलं असावं लागतं. दाव्याच्या वेळी एफआयआर आणि विमा कंपनीला तातडीने कळवणं तर आलंच, शिवाय दोन्ही किल्ल्या मागितल्या जातात. काच न फुटता गाडी गेली असेल तर दोन्ही किल्ल्या हातात असणं हाच मालकाचा सर्वात भक्कम पुरावा. एक जरी हरवली असेल तर ‘वाजवी काळजी’च्या कलमावरून घोळ सुरू होतो.

किल्ली ठेवायला धातूच्या अस्तराची पिशवी, स्टिअरिंगचा जाड दांडा, ट्रॅकर, हे उपाय चालतात. पण यांपैकी पिशवी रिलेला रोखते, वायरीतून घुसलेल्याला नाही. तिथे दांडा आणि ट्रॅकरच कामी येतात. त्याहून सोपी गोष्ट बऱ्याच गाड्यांच्या मेनूमध्ये आहे: कीलेस सुविधा बंद करता येते. टेस्लाने २०१८ मध्ये गाडी चालवण्याआधी पिन मागण्याची सोय दिली. त्यात मालकाची मर्जी पुन्हा नोंदवली जाते, जशी १९४९ च्या किल्लीत नोंदवली जाई. म्हणून शोरूममध्ये सनरूफ आणि स्पीकर पाहून झाल्यावर विक्रेत्याला दोन प्रश्न जरूर विचारावेत: ही किल्ली किती जवळ आहे ते गाडी सिग्नलच्या जोरावरून ठरवते की उत्तराला लागलेल्या वेळावरून, आणि या मॉडेलचा विम्याचा हप्ता किती. पहिल्याचं उत्तर त्याला देता आलं नाही, तरी दुसऱ्यावरून बराच अंदाज येतो.