पेट्रोलच्या टाकीला पाठ टेकून

अमेरिकेतील जुन्या पिकअप ट्रकमध्ये लांबचा प्रवास म्हणजे शिक्षाच असे. पाठ ताठ, गुडघे पुढे टेकलेले आणि सीट मागे सरकवावी तर मागे जागाच नाही! ही जागा कोणी व्यापली होती?

पिकअप हे मुळात शेतकऱ्याचे आणि कारागिराचे माल वाहण्याचे साधन. १५ एप्रिल १९२५ रोजी फोर्ड कंपनीने आपल्या ‘मॉडेल टी’ मोटारीला मागे हौदा जोडून ती २८१ डॉलरला विक्रीस आणली. मॉडेल टी मोटारीत पेट्रोलपंप नव्हता. तिच्या बहुतेक प्रकारांत टाकी सीटखाली असे व पेट्रोल गुरुत्वाकर्षणाने इंजिनाकडे वाहत येई. टाकीत पेट्रोल कमी असताना मोठा चढ लागला, की ते इंजिनापर्यंत पोहोचत नसे. मग चालक गाडी वळवून, उलट्या गिअरमध्ये चढ चढवीत.

पुढे पंप आला. आता टाकी कोठेही ठेवता आली असती. तरीही १९६० च्या दशकात फोर्ड आणि शेव्हरोले पिकअपमध्ये ती केबिनमध्येच, सीटच्या पाठीमागे उभी बसवलेली असे. माणूस जणू टाकीला पाठ टेकून बसे. केबिन तरी मोठी का केली नाही? कारण हौदा. प्लायवूडचा ८ फुटी तक्ता मावेल इतका लांब हौदा गिऱ्हाइकाला हवा असे. गाडीची एकूण लांबी कायम ठेवली, तर केबिनला दिलेला प्रत्येक इंच हौद्यातून वजा होतो. या हिशेबात माल आधी आणि माणूस नंतर.

मागच्या पाट्यांच्या स्प्रिंगाही मालासाठीच बनवलेल्या. भरलेल्या हौद्याचे वजन पेलायचे म्हणून त्या कडक ठेवाव्या लागत. हौदा रिकामा असला, की त्या फारशा दबत नसत आणि रस्त्यावरचा प्रत्येक धक्का सीटपर्यंत येई.

१९७३ साली जनरल मोटर्सने टाकी केबिनबाहेर काढली. पण ती गेली गाडीच्या सांगाड्याच्या लांब पोलादी तुळयांच्या बाहेरच्या बाजूला. बाजूने धडक बसली, की टाकी फुटण्याचा धोका होता. अशा अपघातांत आगी लागून माणसे दगावली. कंपनीने दोष नाकारला. मात्र १९९४ साली अमेरिकी सरकारशी तडजोड करून सुरक्षा कार्यक्रमांसाठी ५ कोटींहून अधिक डॉलर देण्याचे मान्य केले. गाड्या परत मागवल्या गेल्या नाहीत. १९८८ सालच्या नव्या रचनेत टाकी तुळयांच्या आत आली होती.

दरम्यान, पिकअप घरगुती वापरातही आला होता. १९७३ मध्ये डॉजने आणि १९७४ मध्ये फोर्डने सीटमागे जादा जागा असलेली लांब केबिन दिली. माणसाची गरज हिशेबात धरली जाऊ लागली.

हा हिशेब वर्गातही करता येईल. विद्यार्थ्याला भिंतीला पाठ टेकून स्टुलावर बसवा. भिंतीपासून गुडघ्याच्या पुढच्या टोकापर्यंतचे आणि जमिनीपासून गुडघ्याच्या वरच्या बाजूपर्यंतचे अंतर मोजा. सर्वांची मापे फळ्यावर लिहून त्यांची सरासरी काढा. सरासरीइतक्याच मापाचे बाक केले, तर किती जणांचे गुडघे अडतील? आपल्या वर्गातले बाक कोणाच्या मापाचे आहेत, हेही मग मोजून पाहावे.