दोन लयी, एक कागद

शिमग्यात रत्नागिरीच्या बाजूला पालखी निघाली की ढोल आणि ताशा एकत्र वाजतात. ढोलाचे ठोके मोजके, ताशाचे बारीक आणि दाट. वेग निरनिराळे, तरी दोघे एकाच ठेक्यात असतात. कानाला हे सहज कळते. कागदावर मात्र कसे उतरवायचे?

गाणे गुरूच्या घरातून शाळेत आणि छापखान्यात येऊ लागले तेव्हा हा प्रश्न टाळता येईना. कुरुंदवाडचे विष्णु दिगंबर पलुस्कर यांनी 1901 मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले. त्यांच्या लिपीत स्वराखाली त्याच्या काळाचे चिन्ह येते : एक मात्रा, अर्धी, पाव. मुंबईचे वकील विष्णु नारायण भातखंडे यांनी वेगळी वाट धरली. एका मात्रेत जेवढे बसते तेवढ्याखाली एकच कंस काढायचा आणि आतल्या सर्वांनी वेळ सारखा वाटून घ्यायचा. स्वर लांबला तर आडवी रेघ, अक्षर लांबले तर अवग्रह. पलुस्करांची लिपी अधिक काटेकोर खरी. पण वाचणाऱ्याच्या डोळ्यांना भातखंड्यांची सोपी जाते, असे मला वाटते.

या कंसाची कसोटी लागते ती आड लयीत. येथे दोन मात्रांत तीन बोल म्हणायचे. वर्गात करून पाहा : अर्ध्या मुलांनी दोन टाळ्या द्यायच्या, उरलेल्यांनी तेवढ्याच वेळात तीन. लिहिताना प्रत्येक मात्रेचे तीन भाग करायचे आणि प्रत्येक बोलाला दोन भाग द्यायचे. त्रितालाच्या पहिल्या दोन मात्रा अशा होतात : ‘धा ऽ धिं’, ‘ऽ धिं ऽ’. सोळा बोलांना 32 भाग लागतात, आवर्तनात भाग 48. म्हणून समेवर यायचे तर 16 भाग सोडून, म्हणजे सहाव्या मात्रेच्या दुसऱ्या भागापासून सुरुवात करावी लागते. चार मात्रांत पाच बोल हवे असतील, तर मात्रेचे पाच भाग आणि बोलाला चार. गणिताच्या शिक्षकांनी यात लसावि ओळखला असेलच.

युरोपातही ही अडचण जुनीच. मोझार्टने ‘डॉन जोव्हान्नी’ (1787) या संगीतिकेत तीन नाचांची तीन निरनिराळी मापे एकाच वेळी वाजवली. ती जुळली, कारण त्यांच्याखाली मोजणी एकच होती. आजचे स्वरलेखनाचे बहुतेक संगणकीय प्रोग्रामही सर्व वादकांसाठी एकच वेग धरून चालतात. दुसरी लय हवी तर आडसारखाच हिशेब मांडावा लागतो.

पण हिशेबच बसत नसेल तर? मेक्सिकोत राहणारे कॉनलन नॅन्कॅरो (1912–1997) यांनी वादकांचा नाद सोडला आणि आपोआप वाजणाऱ्या पियानोच्या कागदी गुंडाळ्यांवर हाताने भोके पाडली. तेथे काळ म्हणजे केवळ कागदावरचे अंतर. त्यांच्या तेहतिसाव्या रचनेत दोन वेगांचे गुणोत्तर 2 आणि 2 चे वर्गमूळ असे आहे. असे दोन समान ठेके एकदा बरोबर निघाले की त्यांचे ठोके पुन्हा कधीच एका क्षणी पडत नाहीत, आणि मात्रेचे कितीही भाग केले तरी ते एका कंसात मावत नाहीत.